वेताळाचा पुतळा: रेझिनच्या तुकड्यांपासून रंगाच्या शेवटच्या हातापर्यंत

इंद्रजाल कॉमिक्सचा पहिला अंक मार्च १९६४ मध्ये निघाला, तो वेताळाचाच, म्हणजे इंग्रजीतल्या ‘फँटम’चाच होता. आणि १९९० मध्ये मालिका बंद पडेपर्यंत मराठी घरांतल्या कितीतरी मुलांनी डेंकालीचे जंगल, कवटीची गुहा आणि जांभळ्या पोशाखातला तो मुखवटेधारी यांच्या संगतीत उन्हाळ्याच्या सुट्ट्या काढल्या. त्या मुलांची आता पन्नाशी उलटली आहे, हाती थोडा पैसा आणि थोडा वेळ आहे, आणि त्यांतल्या काहींना वेताळाचा रेझिनचा पुतळा स्वतः जोडून, स्वतः रंगवून कपाटात ठेवावा असे वाटते. हा लेख त्यांच्यासाठी आहे. पुतळा १/८ प्रमाणातला, म्हणजे सहा फुटी माणूस साधारण २३ सेंटिमीटर उंचीचा, आणि आठ-दहा तुकड्यांत येणारा आहे असे मी गृहीत धरले आहे. याहून मोठ्या पुतळ्यालाही पद्धत हीच लागते. फक्त रंग आणि धीर जास्त लागतो.

कोणता वेताळ, हे आधी ठरवावे

हत्यार हाती घेण्यापूर्वी एक निर्णय करावा लागतो आणि बहुतेक जण तोच टाळतात. ली फॉक यांनी फेब्रुवारी १९३६ मध्ये अमेरिकन वृत्तपत्रांत हा नायक आणला, तेव्हा चित्रपट्टी काळी-पांढरी होती आणि त्यांच्या मनात पोशाख राखाडी होता. मे १९३९ मध्ये रविवारची रंगीत पट्टी सुरू झाली तेव्हा तो जांभळा होऊन आला. पुढे स्वीडनमध्ये तो निळा छापला गेला, इटलीत लाल. चित्रकारही बदलत गेले. सुरुवातीचा रे मूर यांचा वेताळ सडपातळ आणि सावलीत राहणारा आहे, तर १९६१ पासून साय बॅरी यांनी काढलेला वेताळ रुंद खांद्यांचा आणि स्वच्छ, ठाम रेषेचा आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या आठवणीतला वेताळ हा दुसरा.

रंगाच्या बाबतीत आठवणीवर विसंबू नये. माझ्याकडे जे पंधरा-वीस जुने अंक उरले आहेत, त्यांतल्या कोणत्याही दोन मुखपृष्ठांवरचा जांभळा एकसारखा नाही. कुठे तो निळ्याकडे झुकतो, कुठे पिकल्या जांभळाकडे. म्हणून एकच अंक निवडावा, तो दिवसाच्या उजेडात उघडावा आणि रंग त्याच्याशी ताडून कालवावा. एवढे मात्र लक्षात ठेवावे की कागद पिवळा पडला की त्यावरचा जांभळाही तपकिरी वाटू लागतो. पिनांजवळच्या घडीत, जिथे वर्षानुवर्षे उजेड पोहोचलेला नसतो, तिथला रंग मूळ छपाईच्या सर्वांत जवळचा असतो.

त्याच बैठकीत तपशिलांची एक यादी लिहून काढावी. उजव्या हातात कवटीची अंगठी, जिचा ठसा दुष्टांच्या जबड्यावर उमटतो. डाव्या हातात रक्षणचिन्हाची अंगठी. मुखवट्यामागे डोळ्यांत बुबुळे नाहीत. कमरेच्या पट्ट्याच्या बक्कलावर कवटी, दोन्ही बाजूंना पिस्तुले, चड्डीवर पट्टे. हातांत मोजे नाहीत, म्हणजे मनगटापुढे कातडीचा रंग येणार. किट बनवणाऱ्या शिल्पकाराने अंगठ्यांची अदलाबदल केलेली असू शकते, आणि ती चूक रंगवून झाल्यावर लक्षात आली तर फार मनस्ताप होतो.

ओतीव की छापील

बाजारात दोन प्रकारचे पुतळे मिळतात आणि दोन्हींना ‘रेझिन’च म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो. पहिला प्रकार सिलिकॉनच्या साच्यात पॉलियुरेथेन ओतून केलेला. तो सहसा फिकट पिवळसर किंवा राखाडी असतो आणि परदेशातून मागवावा लागतो, त्यामुळे टपालखर्च आणि आयातशुल्क धरल्याशिवाय किंमत ठरवू नये. दुसरा प्रकार त्रिमितीय छपाईयंत्रावर, प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये छापलेला. ओतीव तुकड्यांत बुडबुडे, साच्याच्या जोडरेषा आणि ओतनळीचे खुंट असतात. छापील तुकड्यांवर आधारकाड्यांचे टिपके आणि अगदी बारीक थर दिसतात.

छापील तुकडा हाताला चिकट लागला तर तो पुरता पिकलेला नाही असे समजावे, नायट्रिलचे हातमोजे घालूनच त्याला हात लावावा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळवावा आणि मग उन्हात फिरवून फिरवून ठेवावा. कच्चे रेझिन त्वचेला वारंवार लागले तर कायमची अॅलर्जी जडू शकते. तुकडा आतून पोकळ असेल तर आत अडकलेला कच्चा द्रव पुढे महिन्यांनी भेग पाडून बाहेर येतो, म्हणून निचऱ्याचे भोक आहे की नाही हे पाहून घ्यावे.

वेताळाचे हक्क अजून अमेरिकेतल्या किंग फीचर्सकडे आहेत. एखाद्या शिल्पकाराच्या किटवरून साचा काढून केलेल्या चोरट्या प्रती स्वस्त मिळतात, पण प्रतीची प्रत काढताना नाक, बोटे आणि अंगठी यांची धार आधी बोथट होते. नैतिकतेचा मुद्दा बाजूला ठेवला तरी वेताळाच्या बाबतीत तो सौदा वाईटच, कारण या पात्राचे निम्मे तेज त्याच्या अंगठीत आहे.

धुणे, सरळ करणे, घासणे

ओतीव तुकड्यांवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा तेलकट थर राहतो आणि त्यावर कोणताही रंग टिकत नाही. कोमट पाण्यात भांडी घासण्याचे लिक्विड टाकून जुन्या टूथब्रशने प्रत्येक तुकडा दोनदा घासावा आणि रात्रभर वाळू द्यावा. बारीक तुकडे चहाच्या गाळणीत धुवावेत. वेताळाचे पिस्तूल बेसिनच्या नळीतून गेले की परत येत नाही.

पिस्तुलाची नळी किंवा पाय वाकलेला आला असेल तर तो जोर लावून सरळ करू नये. ६० ते ७० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात, म्हणजे उकळी फुटण्याच्या बरेच आधी गॅस बंद केलेल्या पाण्यात, तुकडा मिनिटभर ठेवावा, बाहेर काढून बोटांनी हवा तसा आकार द्यावा आणि त्याच स्थितीत धरून गार पाण्यात बुडवावा. हा उपाय ओतीव पॉलियुरेथेनचा आहे. छापील रेझिन अशा वाकवण्याला नेहमीच दाद देत नाही.

त्यानंतर ओतनळीचे खुंट बारीक पात्याच्या करवतीने, पृष्ठभागापासून एक मिलिमीटर दूर ठेवून कापावेत आणि उरलेला भाग छोट्या कानशीने उतरवावा. जोडरेषा ४००, मग ६०० आणि शेवटी ८०० नंबरच्या वॉटर पेपरने घासाव्यात. घासणे नेहमी ओलेच करावे, कारण रेझिनची कोरडी धूळ फुप्फुसांना घातक असते. कोरडे कापणे किंवा भोके पाडणे अटळ असेल तेव्हा एन-९५ मास्क लावावा आणि पंखा बंद ठेवावा. वेताळाच्या पोशाखाला शिवण नाही, खिसे नाहीत, बटणे नाहीत. अंगासरशी बसणाऱ्या त्या सपाट कापडावर मांडीच्या बाजूने गेलेली एखादी जोडरेष लपायला जागाच नसते, म्हणून या एका पायरीला दोन पूर्ण संध्याकाळी द्याव्यात. मी पहिल्या वेळी एकीत उरकले आणि डाव्या पोटरीवरची ती रेघ आजही पाहुण्यांच्या आधी मला दिसते.

बुडबुड्यांची भोके बहुधा नाकाच्या शेंड्यावर, बोटांच्या टोकांवर आणि टोपड्याच्या कडेला सापडतात. भोक आधी पिन-व्हाइसने, म्हणजे बोटांनी फिरवायच्या बारीक ड्रिलने, किंचित मोठे करावे, नाहीतर भराव नुसता तोंडाशी बसतो आणि घासताना निघून येतो. टाचणीच्या डोक्याएवढ्या भोकाला फेविक्विकचा थेंब पुरतो. तो घट्ट होताच घासून घ्यावा, कारण दुसऱ्या दिवशी तो रेझिनपेक्षा कठीण होतो आणि आजूबाजूचेच घासले जाते. त्याहून मोठ्या खड्ड्यांना एम-सील किंवा गाडीच्या रंगकामातली लांबी वापरावी.

सळई घालून जोडणे

प्लॅस्टिकच्या किटचा गोंद इथे कामाचा नाही. तो पॉलिस्टायरीन विरघळवून सांधतो आणि रेझिनवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. रेझिनला सुपरग्लू किंवा अराल्डाइटसारखा दोन नळ्यांचा इपॉक्सी लागतो, आणि वजन पेलणाऱ्या प्रत्येक सांध्यात धातूची सळई लागते. खांदा आणि मनगट यांना दीड मिलिमीटरची पितळी तार पुरते. घोट्यांना मात्र सायकलच्या चाकाची तार घालावी. ती साधारण दोन मिलिमीटर जाडीची आणि कडक असते, पंक्चरवाल्याकडे मागितली तर बहुधा फुकट मिळते, आणि वर्षानुवर्षे उभ्या पुतळ्याचा पाय उन्हाळ्याच्या उकाड्यात हळूहळू वाकत जाण्याचा जो धोका असतो तो तिने टळतो.

दोन्ही बाजूंची भोके समोरासमोर आणण्यासाठी एका तुकड्यात मधोमध भोक पाडावे, भोकाच्या काठाला ओला रंग लावावा आणि दुसरा तुकडा त्यावर नेमक्या जागी दाबावा; उमटलेल्या वर्तुळाच्या केंद्रात दुसरे भोक पाडावे. खोली दोन्हीकडे दहा ते बारा मिलिमीटर असावी, पण मनगटात तेवढी जागा नसते. तिथे पाच-सहा मिलिमीटरवर थांबावे, नाहीतर ड्रिल तळहातातून बाहेर येते.

गोंद लावण्यापूर्वी सगळा पुतळा नुसत्या सळयांवर उभा करून चारही बाजूंनी पाहावा. मग कोणते तुकडे आता चिकटवायचे आणि कोणते रंगवून झाल्यावर, हे ठरवावे. धड, पाय आणि दंड आधीच जोडून त्यांच्या फटी भराव्यात, कारण तिथे पोशाख सलग आहे. डोके, पिस्तुले आणि पुतळा जिच्यावर उभा राहतो ती दगडी पायरी वेगळी ठेवावी. डोके वेगळे ठेवण्यासाठी टोपड्याची कड मानेशी नेमकी बसते का हे आताच तपासावे. बसत नसेल तर मानेवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी ताणून, टोपड्याच्या आतल्या कडेला एम-सीलची सुरळी दाबून डोके जागेवर बसवावे आणि एम-सील घट्ट झाल्यावर डोके उचलून पिशवी काढून टाकावी. फट नेमकी भरलेली असते आणि डोके सुटे राहते.

अस्तर

राखाडी प्राइमरचे दोन पातळ हात द्यावेत. कॅन २० ते २५ सेंटिमीटर दूर धरावा, फवारा पुतळ्याच्या बाहेर सुरू करून पुतळ्याच्या बाहेरच संपवावा. पहिल्या हातानंतर आधी न दिसलेले सगळे ओरखडे वर येतात आणि मन खट्टू होते, पण अस्तर त्यासाठीच असते. ते भरावेत, घासावेत आणि मगच दुसरा हात द्यावा. जून ते सप्टेंबर या काळात मुंबईत किंवा कोकणात कॅनची फवारणी शक्यतो करू नये. हवेतली ओल वाळणाऱ्या थरात अडकते आणि पृष्ठभागावर पांढुरकी झाक धरते.

जांभळा

जांभळा रंग अवघड आहे, कारण त्याची अनेक रंगद्रव्ये पारदर्शक असतात. एका हातात ती झाकत नाहीत आणि जाड हात दिला तर पोशाख रंगवलेल्या बादलीसारखा दिसतो. ही पारदर्शकताच कामाला लावावी. एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनासारख्या साधनाने, १५ ते २० पीएसआय दाबावर, दुधाइतका पातळ केलेला गडद निळा रंग खालच्या बाजूने मारावा, म्हणजे काखा, मांड्यांची आतली बाजू, छातीखालची खळगी, गुडघ्यामागचा भाग. मग वरून, जणू डोक्यावर उजेड आहे अशा कोनातून, फिकट गुलाबी मारावा. हा सगळा प्रकार पाहायला भयंकर दिसतो. त्यावर निवडलेल्या जांभळ्याचे तीन-चार अगदी पातळ हात, प्रत्येक वाळल्यावर पुढचा, असे दिले की निळ्यावरचा जांभळा आपोआप सावलीत जातो आणि गुलाबीवरचा उजळतो.

एअरब्रश नसेल तरी अडत नाही. ट्यूबमधले अॅक्रिलिक पाण्याने पातळ करून रुंद मऊ ब्रशने सात-आठ हात द्यावे लागतात, वेळ चौपट लागतो, परिणाम थोडा कमी गुळगुळीत येतो. कॅमलच्या अॅक्रिलिक ट्यूब यासाठी चालतात. चेहऱ्यासाठी मात्र मी मॉडेलसाठी बनवलेले, बारीक दळलेल्या रंगद्रव्याचे बाटलीतले रंगच घेतो.

उजळ जागा काढताना जांभळ्यात पांढरा मिसळू नये. तो खडूसारखा लव्हेंडर होतो आणि वेताळ एकदम सौम्य दिसू लागतो. त्याऐवजी कातडीच्या रंगाचा किंवा गुलाबी-राखाडीचा थेंब घालावा. सावलीसाठी काळा नको, प्रशियन निळा घ्यावा. रंग फारच भडक वाटला तर पिवळ्या मातीचा अगदी किंचित अंश त्याला शांत करतो, कारण पिवळा हा जांभळ्याचा विरोधी रंग आहे.

उजळ-सावलीचा हा खेळ कुठे थांबवावा, याबद्दल माझे मत ठाम आहे. लष्करी पुतळे रंगवणारे हात सवयीने प्रत्येक घडीत धूळ, प्रत्येक कडेला झीज दाखवतात. वेताळ मात्र सपाट छपाईतून आलेला आहे, त्याचा पोशाख चारशे वर्षे जंगलात राहूनही कधी मळलेला दिसला नाही, आणि तसे दाखवले तर तो एखाद्या नाटकातला वेताळ होतो. म्हणून दोन हात अंतरावरून पाहिल्यावर पोशाख एकच जांभळा वाटावा आणि जवळ आल्यावरच त्यातला निळा आणि गुलाबी कळावा, इतपतच भेद ठेवावा.

चेहरा, पट्टे आणि अंगठी

चेहऱ्याचा दिसणारा भाग म्हणजे नाक, गाल, ओठ आणि हनुवटी. पिवळी माती, पांढरा आणि थोडा लाल यांतून मध्यम छटा करावी, नाकाखाली आणि खालच्या ओठाखाली तीच थोड्या तपकिरीने गडद करावी. ओठांना लाल लावू नये. कातडीच्या रंगात लालसर तपकिरीचा अंश पुरतो. जबड्यावर निळसर राखाडीचा जवळजवळ पाण्यासारखा एक हात दिला की दाढीची छाया येते आणि चेहरा बाहुल्यासारखा दिसत नाही.

मुखवटा शुद्ध काळा न करता काळ्यात थोडा निळा घालावा. डोळ्यांसाठी हस्तिदंती पांढरा घ्यावा आणि आधी संपूर्ण खोबण त्याने भरावी. मग मुखवट्याच्या काळ्याने बाहेरून आत येत, डोळ्याचा आकार कापून काढावा. पांढऱ्याने आकार काढण्यापेक्षा काळ्याने तो कापणे कितीतरी सोपे आहे. ग्रीक पुतळ्यांच्या कोऱ्या डोळ्यांवरून आपल्याला बुबुळे न काढण्याची कल्पना सुचली, असे फॉक सांगत. तेव्हा शेवटी एक ठिपका द्यावासा वाटला तरी हात आवरावा.

चड्डीचे पट्टे मास्किंग टेपच्या दोन मिलिमीटर रुंद कापांनी आखावेत. पट्ट्यांचा कल निवडलेल्या चित्रात नीट पाहून घ्यावा, आणि आखणी मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना करावी, म्हणजे चूक झाली तरी ती नितंबांच्या बाजूला जाते. टेपच्या कडेवर आधी खालच्याच रंगाचा एक हात द्यावा. तो फटी बुजवतो आणि वरचा काळा आत झिरपत नाही. पट्टा आणि बूट काळे, पण बुटांच्या काळ्यात तपकिरी आणि पट्ट्याच्या काळ्यात राखाडी मिसळली की दोन वेगळी चामडी वाटतात.

अंगठी सगळ्यांत शेवटी, सकाळच्या उजेडात आणि चहा पिण्याच्या आधी. १/८ प्रमाणात कवटी जेमतेम दोन मिलिमीटरची असते. ती पूर्ण काळी करावी, वाळू द्यावी, मग ब्रशवर चांदीचा रंग घेऊन तो कागदावर जवळजवळ सगळा पुसून टाकावा आणि उरलेला कोरडा ब्रश कवटीवरून अलगद फिरवावा. उंच भाग चमकतात, डोळ्यांच्या खाचा काळ्याच राहतात. खाचा नीट उमटल्या नसतील तर शिवणाच्या सुईच्या टोकावर काळा रंग घेऊन दोन ठिपके द्यावेत. माझ्या पहिल्या पुतळ्याचे अंगठीचे बोट याच वेळी तुटले, कारण मी पुतळा हातावर धरला होता. तेव्हापासून मूठ रंगवताना मनगटाखाली पुस्तकांची चवड असते.

वॉर्निश आणि जागा

सगळ्याला एकच चमक दिली तर पुतळा प्लॅस्टिकचा दिसतो. पोशाखाला मॅट, कातडीला सॅटिन, बूट आणि पट्ट्याला अर्धी चमक, आणि पिस्तुलांना काहीच नको. मॅट वॉर्निशची बाटली खूप हलवावी, नाहीतर त्यातली भुकटी तळाशी राहते आणि चमक येते. आधी पायरीच्या तळाला एक हात देऊन पाहावा. पांढुरके पडले तर हवेत ओल आहे असे समजून त्या दिवशी काम थांबवावे. डोके आणि पिस्तुले आता चिकटवावीत, इपॉक्सीनेच, कारण सुपरग्लूची वाफ काळ्या रंगावर पांढरा धूर धरते.

दगडी पायरीला राखाडीत थोडा हिरवा आणि तपकिरी मिसळून दोनच हात पुरतात. कवटीच्या गुहेतला दगड फार नटवू नये.

पुतळा काचेच्या कपाटात, खिडकीपासून दूर ठेवावा, कारण काही जांभळी रंगद्रव्ये उन्हात उडतात. उरलेला जांभळा फेकून देऊ नये. तो होमिओपॅथीच्या लहान बाटलीत घट्ट बुचात ठेवावा आणि बाटलीवर ज्या अंकाशी तो ताडला त्या अंकाचा क्रमांक लिहावा; एखाद्या दिवशी झाडलोट करताना कोपर खरचटले, की ती छटा पुन्हा कालवून सापडत नाही.